उम-अशरचा बोल्ट

गोपीनाथ केसरकरांनी फडक्यात गुंडाळलेली रायफल टेबलावर ठेवली आणि रुचाच्या डोक्यावरून हात फिरवला.

"केवढी मोठी झालीस गं! दुबईत आमच्या अल मनखूलच्या घरी यायचीस तेव्हा डायनिंग टेबलाखाली बसून आंबोळ्या खायचीस. आठवतं?"

"आठवतं की, काका."

"मोझाला मी सांगितलेलं नाही हं, तू कोणाची मुलगी ते." त्यांनी आवाज खाली आणला. "कशाला जुनं उकरायचं? तिच्या वडिलांचा डोळा गेलाय. तुझा बाप वाईट नव्हता, निष्काळजी होता. मी मनात काही ठेवलेलं नाही. तूही ठेवू नकोस. काम कर, नाव कमाव."

रुचा मांढरे "हो" म्हणाली. काका गेले. त्यांच्या अत्तराचा वास मात्र खोलीत मागे राहिला, तेव्हा तिनं उठून खिडकी उघडली.

खोली होती रास अल खैमाच्या डोंगरपायथ्याशी, सुहैलबाबांच्या शेतघरात. रुचा अबू धाबीला अल रीम आयलंडवर राहायची आणि जुन्या धातूंच्या वस्तू टिकवण्याचं काम करायची. खंजीर, कॉफीची दल्ला, समुद्रातून वर आलेले नांगर, काय येईल ते. सुहैलबाबांची मुलगी मोझा घरातला संग्रह नीट मांडून त्याचं छोटं संग्रहालय करणार होती. कोणीतरी रुचाचं नाव सुचवलं आणि मोझाचा फोन आला. घराचा पत्ता रुचानं दोनदा विचारून घेतला, पण तोंडून होकारच गेला.

कारण टेबलावरच्या या रायफलीनं तिच्या घराची राखरांगोळी केली होती.

रायफल ब्रिटिश बनावटीची, थ्री-नॉट-थ्री. इंग्रज आपली चौकी उठवून गेले तेव्हा लष्करानं मोडीत काढलेल्या मालातून ती सुहैलबाबांच्या वडिलांकडे आली. पेटीत दहा गोळ्या मावतात म्हणून इथले लोक तिला उम-अशर म्हणतात, दहांची आई. तशाच दोन होत्या. एक मजलिसमध्ये, पाहुण्यांच्या बैठकीत, भिंतीवर टांगलेली असायची, दुसरी सुहैलबाबा स्वतः चालवायचे. दोन्हींची निगा राखायला माणूस हवा होता. तेव्हा संग्रहाचा सगळा कारभार पाहणाऱ्या गोपीनाथनं आपला मित्र आणला: भारतीय लष्करातून आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, म्हणून निवृत्त झालेला, भोरचा सतीश मांढरे. सतीशनं बायको-मुलीला दुबईला आणलं, गोपीनाथच्याच इमारतीत बिऱ्हाड केलं. आठवडाभर शेतघरी राहायचं आणि शुक्रवारी घरी यायचं, असा त्याचा क्रम होता. घरी आला की त्याच्या हातांना जवसाच्या तेलाचा वास यायचा.

मग घरातल्या एका लग्नात सुहैलबाबांनी आनंदानं आपली उम-अशर खांद्याला लावली आणि चाप ओढला. गोळी पुढे गेली, पण आगीचा लोळ मागे आला. त्यांचा उजवा डोळा गेला. गोपीनाथनं तिथल्या तिथे रायफल उचलली, पोलिसांना दाखवली आणि सांगितलं, "नळीत चिंधी राहिली होती. साफ करणाऱ्यानं काढलीच नाही." साफ करणारा सतीशच होता. त्याला कोठडीत टाकलं. पुढं सुहैलबाबांनीच तक्रार मागे घेतली म्हणून तुरुंगवास टळला, पण व्हिसा रद्द झाला आणि परतीचा रस्ता कायमचा बंद झाला. तिकीट गोपीनाथनं काढून दिलं.

भोरला परतल्यावर सतीश येईल त्या माणसाला सांगायचा, "मी नळी साफ केली होती हो." सुरुवातीला लोक ऐकून घ्यायचे. नंतर तो विषय निघण्याआधीच चहा संपवून उठायचे. नंतर यायचेच थांबले. त्याचे सख्खे थोरले भाऊसुद्धा वास्तुशांतीला त्याला बोलवायला विसरले. मरेपर्यंत त्याच्या तोंडी दोनच वाक्यं होती. एक नळीचं. दुसरं, "गोपीनाथमुळे सुटलो, नाहीतर तिथंच सडलो असतो."

रुचानं फडकं बाजूला केलं. अपघातानंतर रायफल तशीच कुलपात टाकली होती, किल्ली सुहैलबाबांकडे. खाडीची दमट हवा कुलपं मानत नाही. नळीवर तांबूस पापुद्रे चढले होते, लाकूड सुकून पांढुरकं पडलं होतं, आणि कुंद्यावर गालाजवळ एक काळा डाग होता. तो कशाचा हे कोणी सांगायची गरज नव्हती.

तिनं हातमोजे चढवले. वरचं लाकडी कवच अलगद सोडवलं. लाकडाखाली गंज जास्तच होता. वर्षानुवर्षं झिरपलेला घाम आणि मीठ तिथे दबून बसलं होतं. बांबूची चपटी काडी, कापूस आणि हलकं तेल घेऊन ती बोटभर जागेवर बसून राहायची. वाळूकागद नाही, तारेचा ब्रश नाही. गंज काढायचा, पण खालचा मूळ काळा रंग राहिला पाहिजे, कारण तो एकदा घासला गेला की रायफल नवी दिसते आणि खोटी होते. लाकडाला तिनं जवसाचं तेल दिलं, अगदी पातळ, तळहातानं चोळून. बापाचा वास खोलीभर झाला. तिनं खिडकी उघडली नाही.

तिसऱ्या भेटीत तिनं नळी साफ केली. पुलथ्रू म्हणतात त्या दोरीला चिंधी लावून ती पुन्हा पुन्हा ओढली, चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत. मग नळी उजेडाकडे धरून तिनं आत पाहिलं, आणि पाहतच राहिली.

गंजाचे बारीक ठिपके सोडले तर नळी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ, एकसारखी होती. नळीत काही अडकलेलं असताना गोळी सुटली, तर त्या जागी पोलाद फुगतं, आत अंगठीसारखी काळी कडी दिसते. ती कुठेच नव्हती. तिनं बाहेरून बोटं फिरवून पाहिलं. उंचवटा नव्हता, काही नव्हतं.

"चिंधी नव्हतीच," ती मोठ्यांदा म्हणाली.

मग लोळ मागे आला कसा? तिनं बोल्ट बाहेर काढला. बोल्ट म्हणजे काडतुसाच्या पाठीशी बसणारी पोलादी कडी, बंदुकीचं मागचं दारच. या जातीच्या रायफलीत प्रत्येक बोल्ट त्याच रायफलीसाठी घासून बसवलेला असतो. म्हणून दोघांवर एकच नंबर ठोकतात, एक कुंद्याच्या मानेवर, दुसरा बोल्टच्या दांडीच्या मुळाशी. रुचानं भिंग लावलं. दोन नंबर वेगळे होते.

तिनं गेज घालून माप घेतलं. बोल्ट मिटल्यावरही काडतुसाच्या मागे नको तेवढी जागा राहत होती. अशी रायफल चालवली की काडतूस बुडाशी फाटतं आणि आग मागे तोंडावर येते.

ती उठून मजलिसमध्ये गेली. भिंतीवरची रायफल उतरवली, बोल्ट मागे ओढला. त्यावर सुहैलबाबांच्या रायफलीचा नंबर होता.

रुचा तिथेच गालिच्यावर बसली. तिला ते वर्ष लख्ख आठवलं. लग्नाच्या आधी परदेशातला कोणी बडा पाहुणा संग्रह बघायला येणार, म्हणून काकांची केवढी धावपळ चालली होती! भिंतीवरची रायफल पाहुण्याला चालवून दाखवायची होती, आणि तिचा बोल्ट झिजलेला होता. बाबा तेव्हा रुचाला काकांच्या घरी ठेवून आईला ऑपरेशनसाठी भारतात घेऊन गेलेले. ते परतले ते लग्नाच्याच दिवशी, विमानतळावरून थेट शेतघरी. काकांनी रायफल त्यांच्या हातात देऊन म्हटलं होतं, "तूच साफ करून गेला होतास ना, तशीच आहे. यल्ला, चल लवकर, सुहैलबाबा थांबलेत." हे बाबांनीच सांगितलेलं, शंभरदा. त्या घाईत बाबांनी नळीतून एक कोरडी चिंधी फिरवली आणि रायफल पुढे दिली. दोन सख्ख्या बहिणींसारख्या रायफली. दार बदललंय हे त्यांच्या ध्यानात कसं येणार?

काकांनी चांगला बोल्ट काढून भिंतीवरच्या रायफलीला लावला, झिजलेला सुहैलबाबांच्या रायफलीत अडकवला, आणि परत बदलायचं राहून गेलं. आणि स्फोट झाल्या क्षणी त्यांना कळलं होतं. कळलं होतं म्हणून तर कोणी काही विचारायच्या आत त्यांच्या तोंडून "चिंधी" निघालं.

संध्याकाळी तिनं भोरला आईला फोन लावला. स्मितानं सगळं ऐकून घेतलं.

"आई?"

"गणपतीत त्याला मोदक पाठवायचे मी," स्मिता म्हणाली. "तुझ्या बाबांच्या तेराव्यालासुद्धा फोन केला होता मी त्याला. म्हटलं, उपकार आहेत माणसाचे." मग एकदम कडवट आवाजात, "सांग त्या मोझाला. आत्ताच्या आत्ता सांग."

"सांगून काय होणार? तो म्हणेल, बोल्टसुद्धा सतीशनंच बदलले. बाबा कुठे आहेत उलट बोलायला? नंबर फक्त एवढंच सांगतात की अदलाबदल झाली. कोणी केली ते नाही सांगत."

"मग?"

"मग त्यालाच बोलायला लावते."

संधी मोझानंच आणून दिली. काम बघायला आली तेव्हा ती रायफलीवरून लांबूनच नजर फिरवत म्हणाली, "बाबांची इच्छा आहे, काचेत बंद करायच्या आधी एकदा तिचा आवाज ऐकायचा. शूटिंग क्लबच्या रेंजवर, परवानगी घेऊन. पण कोणाच्या हातात द्यायची? घरात कोणी हात लावायला तयार नाही."

"गोपीनाथसर," रुचा शांतपणे म्हणाली. "इतकी वर्षं सगळा संग्रह त्यांनीच सांभाळला ना? मान त्यांचाच."

मोझाला ते पटलं. आणि आश्चर्य म्हणजे काकांनीही आनंदानं मान्य केलं. नळी साफ झाली एवढंच त्यांना मोझाकडून कळलं होतं. बोल्टकडे रुचाचं लक्षच गेलं नसणार, भिंतीवरच्या रायफलीतून आपण रातोरात बोल्ट परत आणू, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. पण दुसऱ्याच दिवशी रुचानं दोन्ही रायफली पेटीत घातल्या, रीतसर सही देऊन क्लबच्या शस्त्रागारात नेऊन ठेवल्या. "रेंजच्या सेफ्टी चेकसाठी," असा तिनं काकांना मेसेज केला. काकांनी अंगठा पाठवला. मग थोड्या वेळानं विचारलं, सगळं ठीक आहे ना? रुचानंही अंगठा पाठवला. तपासणीत बोल्ट आपोआप जागेवर गेला असेल, असं समजून काका निर्धास्त झाले असावेत.

रेंजचा मुख्य उझैर, पेशावरचा. दाढीला मेंदी, बोलणं मोजकं. त्याच्याकडे रुचानं दोन डब्या मागितल्या. एकीत खरी काडतुसं, दुसरीत दारू नसलेली, सरावाची. बाहेरून बघणाऱ्याला फरक कळत नव्हता.

दुपारी शस्त्रागाराच्या बाकावर दोन्ही डब्या समोर घेऊन ती बसली होती. झिजलेला बोल्ट तसाच रायफलीत होता. एवढंच करायचं होतं: उजवीकडची, खऱ्या काडतुसांची डबी उचलायची. काका मोठ्या ऐटीत रायफल खांद्याला लावतील, गाल कुंद्यावर टेकवतील, अगदी त्या काळ्या डागावर. पुढचं तिला स्पष्ट दिसत होतं आणि ते बघायला तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. बाबांनी कोठडीत काढलेली प्रत्येक रात्र, भोरच्या ओसरीवरची प्रत्येक रिकामी खुर्ची. एका डोळ्यात कुठे फिटणार होतं ते? पण सुरुवात तरी झाली असती.

तिनं एक खरं काडतूस उचललं. मुठीत धरलं. मग खाली ठेवलं.

दया आली म्हणून नाही. डोळा गेला तर काका बिचारे ठरले असते. लोक सफरचंदं घेऊन भेटायला गेले असते, महाराष्ट्र मंडळानं प्रार्थना ठेवली असती, आणि बापासारखीच मुलगी, असं म्हणून तिला विमानात बसवलं असतं. तिला त्यांचा डोळा नको होता. त्यांची जीभ हवी होती.

तिनं डावी डबी उचलली आणि उझैरला बोलावून सगळं सांगितलं. बोल्ट कोणता, काडतुसं कोणती, कशासाठी. उझैरनं दाढीवरून हात फिरवला. "बीबी, रेंज पे धोखा मैं पसंद नहीं करता." थोडं थांबून म्हणाला, "लेकिन खाली कारतूस से कोई मरता नहीं. कारतूस मैं खुद भरूँगा, अपने हाथ से. बाकी तुम्हारा मामला."

शनिवारी सकाळी डोंगर अजून निळे होते. सावलीत गालिचे अंथरलेले, अरबी कॉफीचा थर्मास, खजुरांची परात. सुहैलबाबा खुर्चीत काठी धरून बसलेले. उजव्या डोळ्यावर काळी पट्टी, डावा मात्र ससाण्यासारखा. मोझा, घरातले काही भाचे-पुतणे, आणि पांढऱ्या शर्टात, खिशाला पेन लावून काका.

रुचानं रायफल दोन्ही हातांवर धरून आणली. उन्हात लाकूड मधासारखं दिसत होतं. सुहैलबाबांनी कुंद्यावर हात ठेवला. बराच वेळ काढलाच नाही.

"यल्ला, गोपी," ते म्हणाले. "आज तू."

काकांनी रायफल घेतली. हसतच बोल्ट मागे ओढला. आणि रुचाला ज्याची वाट होती ते घडलं. त्यांची नजर बोल्टच्या मुळाशी गेली, आणि तिथेच खिळली. चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी वाळलं.

"रुचा," ते मराठीत, हळूच म्हणाले, "हे... तू सगळं तपासलंस ना?"

"नळी एकदम साफ आहे, काका. बघा ना आतून. चिंधी नाही कुठे." ती मोठ्यांदा, हिंदीत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "आप ने ही कहा था ना, सिर्फ नली का कसूर था?"

"हां, हां. वही तो." काकांनी घसा खाकरला. "माझा खांदा जरा... फ्रोझन शोल्डर आहे मला. उझैरभाई, आप चलाओ."

दुसऱ्याला! त्या बोल्टवर दुसऱ्या माणसाचं तोंड ठेवायला हा तयार होता. पुन्हा. तिच्या मनात जी काही थोडी धाकधूक होती ती त्या क्षणी जळून गेली.

उझैर हलला नाही. "मैं सिर्फ भरता हूँ, साब," म्हणून त्यानं काडतुसं पेटीत सरकवली.

"गोपी डरता है," सुहैलबाबा हसले. घरातले सगळेच हसले. आणि मग, कोणाच्या ध्यानीमनी नसताना, म्हातारा काठी टाकून उभा राहिला. "लाओ इधर. मेरा बंदूक है. मैं चलाता है."

हे रुचानं ठरवलं नव्हतं. मोझा "बाबा, ला! नको!" म्हणत उठली, पण त्यांनी हातानंच तिला बसवलं. रायफल काकांच्या हातातून घेतली आणि उजवा डोळा नव्हता म्हणून डाव्या खांद्याला लावली. गाल कुंद्यावर टेकला. चांगला डोळा बोल्टच्या मागे वीतभर अंतरावर आला.

रुचा काकांकडे बघत राहिली. काडतुसं मेलेली आहेत हे तिला ठाऊक होतं, उझैरला ठाऊक होतं. काकांना ठाऊक नव्हतं. त्यांचे ओठ हलत होते. कपाळावर घाम. म्हाताऱ्याचं बोट चापावर गेलं.

बोल, रुचा मनात म्हणत होती. बोल, नाहीतर आज सगळ्यांना कळू दे की तू दुसराही डोळा जाऊ दिला असतास. काहीही कर. दोन्हीकडून मेलास.

"नहीं! बाबा, नहीं!" काका ओरडले. धावत जाऊन त्यांनी नळी धरून खाली दाबली. "मत चलाओ! बोल्ट इसका नहीं है! मुँह पे आएगा!"

भाचे-पुतणे गालिच्यावरून उठून उभे राहिले.

"कैसे मालूम?" रुचानं विचारलं.

"नंबर... नंबर दिसला मला आत्ता. वेगळा आहे. सतीशनं बदलला असणार तेव्हा. साफ करताना दोघांची अदलाबदल—"

"आत्ता एका नजरेत दिसला," रुचा म्हणाली. ती हिंदीतच बोलत होती, सावकाश, एकेक शब्द ठेवत. "मग त्या दिवशी, सुहैलबाबांच्या डोळ्यातून रक्त वाहत असताना, हीच रायफल हातात घेऊन तुम्ही पोलिसांना काय दाखवत होतात? तेव्हा नंबर दिसला नाही? तेव्हा चिंधी दिसली. नळीत चिंधी असती तर नळी फुगली असती. ही बघा, कोणीही बघा. सतीशनं बोल्ट बदलला असता, तर तुम्ही तेव्हाच ओरडून सांगितलं असतं. तुम्ही बोल्टचं नाव घेतलं नाही, कारण बोल्ट तुम्ही बदलला होता. त्या पाहुण्यासाठी."

काकांनी मोझाकडे पाहिलं. ती हळूहळू उभी राहत होती.

"एका दिवसापुरता लावला होता," ते म्हणाले. एवढंच, आणि तेही मराठीत, रुचाला, जणू बाकी कोणी तिथे नव्हतंच. "परत लावणार होतो गं. कामात राहिलं."

रुचानं त्याचं भाषांतर केलं. एकही शब्द न गाळता.

सुहैलबाबांनी रायफल हातातून सोडली नव्हती. त्यांनी रुचाला विचारलं, "और तू? तूने मुझे चलाने दिया?"

रुचानं बोल्ट ओढून एक काडतूस बाहेर काढलं, त्यांच्या कानाशी धरून हलवलं. "आवाज नहीं आता, बाबा. अंदर बारूद नहीं है. एक में भी नहीं."

म्हातारा तिच्याकडे पाहत राहिला. "तू कौन?"

"सतीश की बेटी."

"सतीश." त्यांनी ते नाव सावकाश उच्चारलं. "सतीश किधर?"

"गुजर गए. आखिर तक बोलते थे, नली साफ थी."

सुहैलबाबा खुर्चीत बसले. त्यांनी काकांकडे मान वळवली, आणि त्यांच्या तोंडून एकच शब्द निघाला. "खलास." मोझानं फोन काढला आणि अरबीत भराभर बोलू लागली. भाचे-पुतणे काकांच्या दोन्ही बाजूंना येऊन उभे राहिले. कोणी हात लावला नाही, पण वाटही ठेवली नाही.

रुचानं दुसऱ्या रायफलीतून खरा बोल्ट काढला, सुहैलबाबांच्या रायफलीत बसवला, गेज घालून सगळ्यांदेखत तपासलं. उझैरनं खरी काडतुसं भरली. "तू चला," म्हातारा म्हणाला. तिनं गाल टेकवला, श्वास सोडला, चाप ओढला. दहांच्या आईनं खांद्याला असा धक्का दिला की दात वाजले. समोर निशाणाचं लोखंडी ताट घणघणलं, डोंगरातून आवाज फिरून आला. तिनं पुन्हा चालवली. पेटी रिकामी होईपर्यंत चालवतच राहिली. दर वेळी बोल्ट ओढताना काका चेहरा पाडून उभे दिसायचे आणि दर वेळी तिला छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटायचं.

जुन्या काडतुसांचा खार नळीत राहिला तर उद्याच गंज धरतो, म्हणून रुचानं शेडच्या मागे जाऊन पाणी उकळवलं. रायफल टेकवून चेंबरमध्ये, काडतुसाच्या जागी, नरसाळं लावलं आणि कढत पाणी ओतायला लागली. काका मागून आले. भाचे दोन पावलांवर थांबले.

"रुचा, बाळा. मी काय मुद्दाम केलं का? घाबरलो मी. तुझ्या बाबांचं तिकीट मी काढलं, वकील मी—"

"बाजूला व्हा. पाणी उकळतंय."

"या वयात तुरुंगात जाऊ का मी?"

"बाबा कोठडीत गेले होते."

"तू मोझाला एक शब्द टाकलास तर ती—"

"टाकणार आहे. विचारतील ते सगळं सांगणार आहे, पोलिसांनाही." नळीच्या तोंडातून काळं पाणी वाळूत पडत होतं. "तुम्ही त्यांना म्हणालात, निष्काळजी होता. परवा माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणालात. तेव्हा नुसतं गप्प राहिला असतात, तरी मी आज जरा विचार केला असता."

ते तिथेच उभे राहिले. तिनं त्यांच्याकडे पुन्हा पाहिलं नाही. नळीतून कोरडी चिंधी ओढली, मग तेलाची, मग बाहेरून सगळ्या पोलादावर संग्रहालयातलं पारदर्शक मेण मऊ कापडानं लावलं, बोटांचे ठसे पुसत पुसत. कुंद्यावरचा काळा डाग तिनं तसाच ठेवला. तो काढायचा नाही असं सुहैलबाबांनी सांगितलं होतं.

मोझानं चौकशी पुन्हा उघडायला अर्ज केला. गोपीनाथ केसरकरांचा पासपोर्ट जमा झाला, नोकरी गेली. बर दुबईच्या मंडळातून त्यांचं नाव कोणी काढलं नाही, पण त्यांना कोणी बोलावेनासंही झालं. एके दिवशी रुचाला त्यांच्या पत्नीचा, सुलक्षणाकाकूंचा फोन आला. त्या रडत होत्या. "मुली, तुझ्या हातात आहे. सुहैलसाहेब तुझं ऐकतात. ह्यांची शुगर वाढलीये गं, झोप नाही ह्यांना."

काकूंच्या हातच्या आंबोळ्या खाऊन रुचा वाढली होती. तिला काकूंचं खरंच वाईट वाटलं. "काकू, तुमच्याविषयी माझ्या मनात काही नाही. तुम्हाला काही लागलं तर मला सांगा, मी येईन. पण त्यांच्यासाठी नाही."

"इतकी कठोर कशी झालीस?"

"माहीत नाही, काकू. झाले."

संग्रहालय उघडलं त्या दिवशी मोझानं अरबी, इंग्रजी आणि हिंदीत सांगितलं की ही रायफल सतीश मांढरे यांनी सांभाळली आणि अपघात त्यांच्या चुकीनं झाला नव्हता. कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. रुचानं तो आईला पाठवला. अर्ध्या तासानं स्मिताचा फोन आला. मागे रस्त्याचा आवाज येत होता.

"कुठे आहेस, आई?"

"वाटेत आहे. तुझ्या थोरल्या काकांकडे चाललेय. तिथून मग पाटणकरांकडे, मग वरच्या आळीत."

"बसून शांतपणे सांग हं. चहा घे."

"बसणार नाही," स्मिता म्हणाली. तिला धाप लागली होती, पण चाल मंदावलेली वाटत नव्हती. "दारातच उभी राहीन. फोन त्यांच्या हातात देईन आणि पूर्ण बघेपर्यंत हलणार नाही. चहाला कोणाच्या थांबायचं नाहीये मला. तुझ्या बाबांच्या चहालाही कोणी थांबलं नव्हतं."